सतरा इंचांचं धरण

३ मार्च, सोमवार

ठरलं! येत्या रविवारी धरणाला फेरी मारायची. अख्ख्या पाण्याला, एका दिवसात, पायी. भिंतीपासून निघायचं आणि भिंतीशीच परत यायचं.

कारण बाबा. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात चाला, आणि हे खाटेपासून दारापर्यंत जातात नि परत आडवे. गावाहून ताई फोनवर रडकुंडीला आलेली. "असेच पडून राहिले तर कायमचे खाटेवर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय." म्हटलं, दे त्यांना फोन. बाबा, व्यायाम अर्ध्यावर सोडू नका. झालं! "अर्ध्या, तू मला शिकवतोस?"

अर्ध्या हे माझं घरचं नाव. शाळा सातवीत अर्ध्यावर. सुतारकाम अर्ध्यावर. पोहणंसुद्धा — पलीकडे जायला शिकलो, परत यायला नाही. काकांनी ओढून आणलं.

मग तोंडातून निघूनच गेलं — "मी इथल्या धरणाला पूर्ण फेरी मारतो. मारली, तर तुम्ही घराला एक मारायची."

बाबा हसले. किती दिवसांनी! "तू? पूर्ण? कबूल. म्हणजे मला काही उठायला लागत नाही."

बघतोच.

५ मार्च, बुधवार

नकाशा मिळाला. खाली लिहिलंय, एक सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. पाण्याच्या कडेनं पायवाट आहे, तुटक रेघेची. मी सोफ्याची कव्हरं शिवणारा माणूस, मोजमापात माझा हात कोण धरणार! शिलाईचा दोरा घेतला, वाटेच्या प्रत्येक वळणाला टाचणी लावत बसवला, मग सरळ करून टेपवर धरला. सतरा! सतरा किलोमीटर म्हणजे काय, दुपारी जेवायला परत खोलीवर!

एक गोष्ट फक्त इथं लिहितो. कुणाला सांगायची नाही. मी फेरीच का बोललो? कारण गोलात अर्ध्यावर सोडून फायदा नाही. मागं फिरलं तरी तेवढंच चालावं लागतं. माझ्यासारख्याला असंच काम पाहिजे.

८ मार्च, शनिवार

वाट लागली.

आमच्या कारखान्यातल्या कटिंग मास्तरांना नकाशा आणि दोरा दाखवला. "सतरा? शक्यच नाही. कुठल्या बाजूनं मोजलंस?"

कुठल्या बाजूनं म्हणजे? टेपला बाजू एकच! आमच्याकडे सगळं इंचात. दुसरी बाजू कायम टेबलाला लागलेली, मी ती कधी वाचलीच नव्हती. मास्तरांनी दोरा तसाच ठेवला आणि टेप उलटी केली.

त्रेचाळीस!!

लंबू फोम कापत होता, तो हसून फोमवरच आडवा. माझ्याच खोलीत राहतो, म्हणून सगळं ठाऊक. "अर्ध्याचं मापही अर्धं!"

"अर्ध्याहून कमी भरतंय," मास्तर म्हणाले. तेही हसत होते, पण नकाशा नीट घडी घालून परत दिला.

सुट्टी झाल्यावर घरी फोन लावला. लांब आहे, जमणार नाही, असं सांगणार होतो. वाक्यसुद्धा तयार होतं. ताईनं उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सकाळपासून दोनदा विचारलं बाबांनी. पोराचा रविवार उद्याच ना?"

म्हटलं, हो. उद्याच.

९ मार्च, रविवार

निघतोय. पाव, सहा उकडलेली अंडी, तीन बाटल्या पाणी. लंबूनं बुटात फोम घालून दिलाय. जाड झालाय, पण त्याला काय सांगणार.

१० मार्च, सोमवार

झालं! झालं! झालं!

उजाडताना भिंतीवरून निघालो. दहापर्यंत पळतच होतो म्हणायचं. मग पाण्याचे फाटे सुरू झाले. समोरची वाट दगड मारला तर लागेल इतकी जवळ, आणि तिथं जायला तासभर आत जाऊन तासभर बाहेर! नकाशावर तिथं फक्त एक टाचणी होती. बाराच्या सुमाराला फोम काढून टाकला (लंबूला कळू द्यायचं नाही). टाच सोलली.

एक वाजता बरोब्बर समोरच्या काठावर. भिंत बोटाएवढी दिसत होती. तिथं एक मासेवाला जाळं झटकत होता. माझ्या चालण्याकडे बघून म्हणाला, "लंगडतोस कशाला बाबा? बस नावेत. वीस मिनिटांत भिंतीला सोडतो. फुकट."

एक पाय टाकला होता! खोटं कशाला लिहू? कोण बघत होतं?

मग डोक्यात आलं — मी पाण्यातून गेलो, तर बाबांनी पुढच्या दारानं आत शिरून मागच्या दारानं बाहेर यायचं? तीही फेरीच मग!

पाय काढला. मासेवाला म्हणाला, "वेडा आहेस." एक कांदा दिला आणि मीठ. तसला कांदा जन्मात खाल्ला नाही.

पुढचं नीट आठवत नाही. भिंत बोटाएवढी, मग हाताएवढी, मग भिंतीएवढी. दिवस बुडायला आला तेव्हा भिंतीवर मास्तर उभे. सुट्टीच्या दिवशीही टेप गळ्यात. सेंटीमीटरची बाजू वर! पाठीवर एक थाप मारली, त्यात मी पडायचाच बाकी होतो.

तिथूनच फोन लावला. "बाबा, झाली फेरी. त्रेचाळीस."

"मधे कुणाच्या गाडीत बसलास?"

"नाही."

"नावेत?"

बापच तो! म्हटलं, एक पाय. काढला.

"बरं." फोन ठेवला.

आज मास्तरांनी बसून करायचं काम दिलं. लंबू सगळ्यांना सांगत फिरतोय, फोम माझा होता म्हणून.

१३ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. बाबा काठी घेऊन निघाले. घराच्या मागच्या भिंतीपाशी थांबले, घामाघूम. ताई ओरडली, फिरा मागं, खुर्ची आणते! तर म्हणतात, "कशाला? आता मागं फिरलं तरी तेवढंच आहे."

आणि आले पुढच्या दारात!

हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.