शिंजिरीला मधुपर्क

भुसावळ, रविवार

ती. अक्कांस, आपल्या धाकट्या बहिणीच्या यजमानाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, कंबर ऐकत नाही.) पिंपळनेरची हवा आणि आपला दमा, दोघेही आता निवळले असतील.

तक्रार गंभीर आहे. गेला महिनाभर मला, संस्कृतच्या अध्यापकाला, स्वतःच्या घरात पुढच्या दाराने प्रवेश नाही. मोरीवरून, ओल्या धुण्याखालून डोके लववून आत जावे लागते. कारण बेलच्या वायरीला शिंजिरीने घरटे टांगले आहे. (शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, चोच वाकडी, आहार फुलांतला मध.) हुकूम आपल्या भगिनीचा: "पाहुणी शे ती. तिले त्रास नको."

आपण जाणताच, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ललिता खाटेवरून उठत नव्हती. डॉक्टर "चाला" म्हणाले, मी म्हणालो, लेक मयुरी पुण्याहून फोनवर रडली. ही भिंतीकडे तोंड करून. आता सकाळी सहाला वॉकर घेऊन खिडकीशी हजर! शिंजीर परसातल्या केळफुलावर गेली की ही मागच्या दारी, ती परतली की ही पुढे. (केळफुलाची भाजी अर्थातच बंद.)

या उपकाराची फेड म्हणून मी शास्त्र उघडले. दारी आलेल्या अतिथीस मधुपर्क द्यावा. दही, तूप आणि आपण पाठवलेला मध चांदीच्या वाटीत कालवून घरट्यापासून चार हात दूर स्टुलावर ठेवला. शिंजिरीने ढुंकूनही पाहिले नाही. मधमाश्यांनी पाहिले, सहकुटुंब. मी शास्त्र तिथेच सोडून मोरीत शिरलो. शेजारचे नासीरभाई (कुलर दुरुस्त करतात, माझ्यापेक्षा व्यवहारी) डोक्यावर ओला टॉवेल घेऊन वाटी उचलायला धावले. "सर, ती फुलातलं पिते. दही कोणी सांगितलं तुम्हाला?" खिडकीतून ललिता ओरडली, "तिले काय जवाई समजनात?" आणि हसली, अक्का. पोट धरून. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. माझे नाक वांग्याएवढे झाले आहे. त्याबद्दल काही म्हणणे नाही.

आपला,
योगराज

ता. क. मध संपला. पाठवू नये, घेऊन यावे.

ता. क. २. म्हणजे स्वतः यावे, शक्यतो शनिवारच्या आत.

ता. क. ३. घरट्यातली पिल्ले सहा-सात दिवसांत उडतील, असे नासीरभाई म्हणतात. ललिताला मी ते सांगितलेले नाही. त्यानंतर ती कोणासाठी उठेल, मला कळत नाही. भीती वाटते.