मसाला घालण्याआधी

प्रिय सुमन,

तुझ्या आई आज गंजाडला परत गेल्या. त्यांना चारच्या गाडीत बसवून आलो. पोरांच्या कपड्यांची पिशवी मी सकाळी भरून दाराशी ठेवली होती, ती अजून तिथेच आहे. आई ती न घेताच गेल्या! पूर्वा खेळायला गेल्यावर हे कोणाला तरी सांगायचं म्हणून सवयीने स्वयंपाकघरात गेलो, "अगं" म्हणालो, आणि मग पूर्वाच्या वहीतला कागद फाडून बसलो.

दहा वर्षांत तुला एकदाही नावाने हाक मारली नाही मी. वर 'सुमन' लिहिताना उगाच लाजल्यासारखं झालं. तू असतीस तर हसली असतीस ना?

तू दिवाळीनंतर गेलीस. थंडी कशीतरी निघाली. खिचडी, पाव, शेजारच्या भाभीकडची भाकरी, पुन्हा खिचडी. होळीला आई आल्या, हर्षूला मांडीवर घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "पोरं वाळली. मी नेते दोघांना. तिकडेच शाळेत घालू." हर्षूच्या बरगड्या मलाही दिसत होत्या. मी फक्त मे अखेरपर्यंतची मुदत मागितली. तोवर पोरं नीट जेवायला लागली नाहीत तर मीच पिशवी भरून देईन, असं कबूल केलं.

सोपं वाटलं गं मला! उन्हाळ्यात तू असं काय मोठं करायचीस? पन्हं, नागलीची आंबील, कैरी घालून सुका जवळा, बाजारातून आणलेले ताडगोळे. दहा उन्हाळे मी हेच खाल्लं होतं. खाल्लेलं करता येतं, असा माझा समज.

आंबिलीचं पीठ मी सरळ उकळत्या पाण्यात टाकलं. पूर्वाने त्यातला एक गोळा चमच्याने वर काढला, माझ्यासमोर धरला आणि परत सोडला. सात वर्षांची आहे, पण बघणं अगदी तुझं. ताडगोळ्यांचं तर विचारूच नकोस. त्यांचं साल काढावं लागतं हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या पुढ्यात ते नेहमी पांढरे, गार, वाटीत यायचे. टायरच्या दुकानात काम करून माझी नखं अशी झालीयत की सालाबरोबर गोळाच फुटायचा आणि पाणी शर्टावर. हर्षू टाळ्या वाजवायचा. खायला मात्र त्याला काही मिळायचं नाही.

तूही कधी काही सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही, हे मान्य. पण एकदा तरी म्हणायचंस, "इकडे या, बघा हे कसं करतात." मी आलो नसतो कदाचित. तरी म्हणायचंस.

मग समुद्रकाठच्या आमच्या वरोरहून वहिनीने जवळा पाठवला, ती बारीक सुकी कोलंबी. हा मला जमणार होता, आमच्या घरचाच पदार्थ! निवडला, भाजला, दोन पाण्यांनी धुतला. कांदा, लसूण, हळद, कैरीच्या फोडी. आणि तुझ्या त्या लाल मसाल्याच्या डब्यातला मसाला, माझ्या जिभेला आठवत होता तेवढा. चव बघितली तर अगदी तुझी! वाटलं, जिंकलो.

हर्षूने एक घास घेतला आणि किंचाळत माठाकडे पळाला. मी ओरडलो त्याच्यावर. सुमन, मी फार ओरडलो. आईने केलेलं खायचास, मग माझंच का नको, असं काहीबाही बोललो. तो खाटेखाली जाऊन बसला, बाहेर येईना. दुपारभर उपाशी राहिलं पोर.

पूर्वा तोवर वाटीत पाणी घेऊन त्याच्यासाठी जवळा धूत बसली होती. इवलासा तो जवळा, चिमटीने उचलायची आणि पाण्यात खळबळायची. मी म्हटलं, हे काय चाललंय? तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "आई आमचं आधी काढायची. कैरी शिजली की. त्यात गूळ घालायची. मग बाबांचा मसाला टाकायची."

बाबांचा मसाला. त्या डब्याला माझ्या घरात हे नाव आहे आणि मला माहीत नाही!

मी दोन वाजता घरी यायचो. पोरांचं उरकलेलं असायचं. तू मला गरम वाढायचीस, मी एका हातात मोबाईल घेऊन जेवायचो, आणखी मागायचो, उठायचो. एकाच कढईत रोज दोन स्वयंपाक होत होते आणि मला एकच माहीत होता. माझी पोरं काय खातात हे मी कधी बघितलंच नाही. तू बघत होतीस ना, मग मला काय गरज!

पूर्वाला विचारलं, आई स्वतः काय खायची? ती म्हणाली, आमच्या ताटात उरलेलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुला तिखट सोसतच नाही, हे मी दहा वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. वरोरला पंगत बसली की माझा ठरलेला विनोद, "हिला मसाला वाढू नका, गंजाडची पाव्हणी आहे, रडेल." सगळे हसायचे. तूही हसायचीस.

त्या दिवसापासून मात्र मी शिकायला बसलो. पूर्वा पाटावर, मी स्टोव्हपाशी. आंबिलीचं पीठ आदल्या दिवशी भिजवायचं, पन्ह्याची कैरी सालासकट उकडायची, हे सगळं तिने सांगितलं. ताडगोळे ती सोलते, मी धरतो. सकाळी ऊन चढायच्या आत सगळं आवरतो. हर्षूचं काम एकच. मी मसाल्याच्या डब्याला हात लावला की त्याने ओरडायचं, "बाबा, थांबा! आमचं!"

आणि आज मुदत संपली, आई आल्या. मी मुद्दाम जवळा केला. कैरी शिजली, मी सवयीने डबा उचलला आणि हर्षू ओरडला. आईंनी पदर तोंडाला लावला. हर्षू दीड भाकरी जेवला. भाताच्या वेळी पुन्हा वाटी पुढे केली. आई ताटाकडे बघत नव्हत्या, त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "राहू दे पोरांना इथंच. मी येत जाईन."

मला एवढं हलकं वाटलं की पुन्हा तोच मूर्खपणा केला. आईंना थोडंसंच वाढलं आणि म्हटलं, तिखट आहे हां, तुमच्या गंजाडच्या माणसांना सोसायचं नाही, सुमनला तरी कुठे सोसायचं?

"सुमीला?" आई म्हणाल्या. "ती तर शेतावर हिरवी मिरची मिठाला लावून नुसती खायची. लग्न ठरलं तेव्हा काय खूश होती! म्हणाली, वरोरची माणसं झणझणीत खातात, माझी मजा आहे."

सुमन, अगं मग बोलली का नाहीस?

आता कळतंय. कढईत उरायचंच काय? पोरांचं आधी निघायचं, बाकीचं मी दोनदा मागून घ्यायचो, भाकरीने कढई पुसायचो आणि वर म्हणायचो, आज फक्कड झालंय. तुझ्या वाट्याला पोरांनी चिवडलेला, गुळाच्या जवळ्याने कालवलेला भात. इतकी वर्षं तू ते गोडमिट्ट खाल्लंस आणि मी चारचौघांत तुला पाव्हणी म्हणत राहिलो. एकदा कढई पुढे ओढून म्हणायचंस, हे माझं आहे! मला लाज वाटली असती. वाटायलाच हवी होती.

आईंना निरोप देऊन आलो तर स्वयंपाकघरात पूर्वा बसली होती. पुढ्यात हर्षूचं ताट. त्याने टाकलेला भात गोळा करून खात होती. दुपारी तिने सगळ्यांना भाकरी वाढली होती आणि स्वतः जेवायलाच बसली नव्हती. आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. आईंच्याही नाही. माझ्याही नाही.

मी तिच्या पुढचं ताट उचललं. तिला वाटलं, रागावलो. कढईत माझ्यापुरता जवळा होता, तो गरम केला आणि तिला विचारलं, पूर्वा, तुला काय आवडतं? हा प्रश्न मी या घरात पहिल्यांदाच विचारला. तिने जरा विचार केला, मग बोट कढईत बुडवून चाटलं. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं.

"हे," ती म्हणाली. "पण ते तुमचं असतं ना?"

सगळंच्या सगळं तिच्या ताटात वाढलं मी. ती हाशहुश करत, पाणी पीत पीत जेवली. मी तिच्यासमोर बसलो होतो. तू अशीच जेवली असतीस का? मला डोळ्यांसमोर आणता येईना. तुला पोटभर जेवताना मी कधी बघितलेलंच नाही, तर आणणार कुठून?

आता ती खेळायला गेली आहे. घरात पंख्याचा तेवढा आवाज आहे. पोरं राहिली, सुमन, पण तू नाहीस हे आज जेवढं कळलं तेवढं दिवाळीपासून कळलं नव्हतं.

एवढंच कबूल करतो. या घरात पूर्वा कोणाचं उरलेलं खाणार नाही. आधी हर्षूचं काढीन, मग मसाला घालून तिचं वाढीन, आणि मग कढईत जे राहील ते माझं. काही राहिलं नाही तर हर्षूच्या ताटातलं. गुळाचा जवळा कसा लागतो, तेही मला कळायला हवं.

तुझा,
दिनेश