सासूबाईंची बिनखिळ्याची खुर्ची

३ फेब्रुवारी
सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घरी गेल्यावर खाली बसणं बंद, हातांची उंच खुर्ची हवी. ह्यांनी लगेच दुकानाचा विषय काढला. नाही म्हटलं. मागच्या वर्षी सुतारकामाचा वर्ग केला तो काय एक स्टूल मिरवायला? आता पुढचा कोर्स. बिनखिळ्याची खुर्ची, नुसत्या सांध्यांवर उभी. जाऊबाई म्हणाल्या, नाही जमलं तर सासूबाईंना आमच्याकडे पाठवा. देवाला सांगून ठेवलंय, ती वेळ येणार नाही.

५ फेब्रुवारी
एका लाकडाला जीभ कोरायची, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्याला खाच पाडायची. एकात एक गच्च बसवायचं. एवढ्यासाठी मास्तर तासभर बोलले. जन्मभर उशांच्या अभ्र्यांना काजं करणाऱ्या बाईला!
शेजारच्या टेबलावर एक रिटायर्ड साहेब. दर रेघेला चष्मा पुसतात. खुर्ची होईतो काच झिजेल.

९ फेब्रुवारी
पहिलं कुसू सैल झालं. लाकूडच वाईट. मास्तर म्हणाले, रेघेच्या बाहेरून कापा. स्वतःच्या मिशीतला भुसा दिसत नाही आणि मला रेघ दाखवतात. मॅट्रिकला भूमितीत मी पहिली होते. दुसरं कुसू गच्च. इतकं गच्च की खाच चिरली.

१२ फेब्रुवारी
सांधे चिकटवायचा सरस कातड्याहाडांचा असतो म्हणे. माझ्या घरात देवाजवळ दिवा लागतो, चालणार नाही म्हटलं. मास्तर म्हणाले, केमिकलचा घ्या. अख्खा डबा घ्यावा लागतो. कशाला? नुसत्या पाचरी ठोकेन. मास्तर म्हणाले, मग पाण्यापासून जपा हो बाई. ज्यांचा ॲप्रन वर्षभर धुतलेला नाही, ते मला पाणी शिकवणार.

१५ फेब्रुवारी
खुर्ची घरी आणली. ह्यांना बसवलं. कुरकुर झाली. हे म्हणाले, खुर्ची वाजली. मी म्हटलं, तुमचं पोट.
दवाखान्यात सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, बसेन की, आधी तू बसून दाखव. ऑपरेशन खुब्याचं केलं, जिभेचं राहिलं.

१६ फेब्रुवारी
बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय मी घरात वापरत नाही. साहेबांचे घामेजलेले हात लागलेत, मास्तरांची मिशी झडलीय. दोन बादल्या गरम पाणी ओतून ब्रशने घासली. सांधे फुगून दगडासारखे झाले. सरस म्हणे! मास्तरांची कीव आली. खुर्ची गच्चीत उन्हाला ठेवली.

१८ फेब्रुवारी, दुपार
सासूबाई आल्या. ह्यांनी आधी उन्हात खडखडीत वाळलेल्या खुर्चीवर भार देऊन पाहिला. तिचा हात ह्यांच्या हातात आला. मग पाठ सुटली. मग पाय, एकेक करून, अगदी शिस्तीत. मोडलं काहीच नाही. याचं मात्र कोणाला कौतुक नाही.
सासूबाई वॉकर धरून दारात उभ्या. म्हणाल्या, यातल्या कशावर बसू तेवढं सांग.
जाऊबाई वर आल्याच नव्हत्या. खाली गाडी चालू ठेवून थांबल्या होत्या.

२२ फेब्रुवारी
सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, इथल्या खुर्चीला गादी आहे. म्हटलं, छान. म्हणाल्या, सगळे दिवसभर बाहेर, मला उलट बोलायला घरात कोणी नसतं. म्हटलं, नशीब काढलंत.
त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही. बिल जाऊबाईंना येईल.