तळातली मूठ

बाबा,

परवा मी बोरं खाल्ली. मारेगावच्या स्टँडवर एक म्हातारी टोपली घेऊन खिडकीशी आली, तिच्याकडून ओंजळभर घेतली आणि कंडक्टरच्या सीटवर बसून सगळ्या गाडीदेखत एकेक चावून खाल्ली. तुम्ही असता तर हातातून हिसकावून घेतली असती. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुमची मुलगी एसटीत कंडक्टर आहे हेही तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा मधलं सगळं सांगावं लागेल. पोटाविषयी, तेही बाईच्या पोटाविषयी, मी तुमच्याशी कधी बोलले नाही. पण आता रोज पन्नास माणसांना 'पुढं सरका' म्हणून ओरडते, तेव्हा लाज केव्हाच पांढरकवड्याच्या डेपोत जमा झाली आहे.

सुरुवात तुमच्या कापूस खरेदी केंद्रावरूनच करते. मी पंधरा वर्षांची, तुमचा डबा घेऊन आले होते. कापसाची ती वाईट वर्षं नुकती लागली होती. बैलबंड्यांची रांग पार हायवेपर्यंत गेलेली, माणसं दोन-दोन दिवस बैलांपाशीच बसून, आणि तुम्ही कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर म्हणून एकेका बंडीवर चढत होता. एका बंडीवरचा कापूस असा पांढराशुभ्र, की मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाबा, हा तं एक नंबर आहे." तुम्ही चारचौघांत मला झापलंत. "वरून पाहून बोलू नोको. हात घाल." मी हात घातला, खांद्यापर्यंत. आत ओल लागली. मूठ बाहेर काढली तर पिवळट, किडक्या कवडी कापसानं भरलेली. मग तुम्ही वरून एक, मधून एक, तळातून एक अशा तीन मुठी काढल्या, शेजारी शेजारी मांडल्या आणि तेव्हाच तोंड उघडलंत. त्या बंडीवाल्याची मान खाली गेली होती. त्याला लागेल असा एक शब्द तुम्ही बोलला नाहीत. "निवडून, वाळवून आण भाऊ. तुही जागा रांगेत ठेवतो," एवढंच. आणि तिथेच माझ्या पोटात अशी कळ आली की मी बंडीचं चाक धरून खाली बसले. "काय झालं वं पोरी?" तुम्ही विचारलंत. "बोरं जास्त झाली," मी म्हटलं. दोन दिवसांनी तुम्ही यवतमाळहून गरम पाण्यानं शेकायची रबरी पिशवी आणलीत, माझ्या उशाशी ठेवलीत आणि काही न विचारता बाहेर गेलात.

ती कळ पुढं दर महिन्याला येत राहिली, आणि नोकरीला लागल्यावर तिच्या जोडीला दुसरं दुखणं आलं. दिवसातून आठ-आठ वेळा संडासला पळायचं, त्यात रक्त. आतड्याला आतून व्रण झालेत, असं पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं. पाळीच्या दुखण्याला बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी एंडोमेट्रिओसिस हे नाव दिलं. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर, नको तिथं वाढतं आणि पाळीच्या दिवसांत तेही सुजतं, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. म्हणजे दोन दुखणी, दोन दवाखाने, दोन फायली. आणि मी काय केलं असेल? पोटाचे डॉक्टर पुरुष, त्यांना पाळीचं एक अक्षर सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना संडासचं सांगायला घाण वाटली. पाळीच्या कळांसाठी दिलेल्या गोळ्या मी मूठमूठ गिळत होते, आणि त्यांनीच आतडं जास्त चिडत होतं, हे दोघांपैकी कोणाला कळणार? त्या बंडीवाल्यापेक्षा मी काही वेगळी नव्हते. दोघांनाही वरवरचाच कापूस दाखवत होते.

नोकरी हातातून निघाली होती, बाबा. माझी गाडी पांढरकवडा ते वणी. करंजीपर्यंत मी दात आवळून तग धरायची, मारेगावच्या अलीकडं पेट्रोल पंप आला की ड्रायव्हरभाऊ माझं तोंड पाहूनच गाडी बाजूला घ्यायचे. ते बिचारे प्रवाशांना सांगायचे, "टायर पाहून येतो." पण लोक काय खुळे आहेत? तक्रार गेली. साहेबांनी बोलावून सांगितलं, असंच चाललं तर कायमचं टेबलावर बसवावं लागेल. मला गाडी हवी होती. मला घंटीची दोरी हातात हवी होती. टेबलावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या जाताना पाहायच्या, या विचारानं मी ढसाढसा रडले.

आईचा सल्ला तयारच होता. "काढून टाक ना वं ते गर्भाची पिशवी! तुह्या दोन्ही मावश्यांनं काढली. झंझट गेली." मीही हो म्हटलं. ऑपरेशनची तारीख ठरली, रजा टाकली. मग बॅग भरताना कपाटात तुमची ती रबरी पिशवी सापडली. चिरलेली, चिकट झालेली. ती हातात घेऊन बसले आणि तुमचा आवाज असा स्वच्छ आठवला की मी दचकले. हात घाल. मी तिकीट मशीनच्या जुन्या रोलचा कागद घेतला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर तीन महिन्यांचं सगळं लिहून काढलं. पाळी कधी आली, रक्त कधी गेलं, कुठली गोळी कधी घेतली, गाडी कुठं थांबवावी लागली. सगळं एकाखाली एक लिहिल्यावर दिसलं, की आतडं सगळ्यात जास्त बिघडतं ते पाळीच्याच आठवड्यात. ती तारीख मी रद्द केली. आई आठ दिवस बोलली नाही.

तो हातभर कागद घेऊन मी नागपूरचा मोठा दवाखाना गाठला. हट्ट धरला की तिथल्या डॉक्टरीणबाई आणि आतड्याचे सर्जन दोघं एकाच खोलीत बसले तरच बोलेन. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, "असं नसतं हो ताई." मी म्हटलं, "गाडीत कंडक्टर नि ड्रायव्हर एकाच वेळी असतात, मग इथं का नाही?" शेवटी बसले बिचारे. मोठा स्कॅन झाला. ते अस्तर आतड्याला बाहेरून चिकटलं होतं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या, "नुसती पिशवी काढली असती तर हे आतड्यावरचं तसंच राहिलं असतं." म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला झालं असतं! सर्जन म्हणाले, आता लगेच कापलं तर आतडं सुजलेलं आहे, त्यात तुम्ही आतड्यासाठी स्टिरॉइडवर, जखम नीट भरणार नाही. पाळी थांबवायच्या गोळ्यांतही दोन जाती निघाल्या. एकीनं आतडं सुजलेलं असताना रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती, दुसरी त्या मानानं बरी. उरला एक रस्ता. आधी आतडं शांत करायचं, ती दुसरी गोळी घेऊन पाळी बंद ठेवायची, आणि मग दोघांनी मिळून एकदाच ऑपरेशन करायचं. पण त्याला सहा-सात महिने लागणार, आणि तोवर गाडी नाही. "तुम्ही सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या पोटाविषयी मला कोणी विचारलं, ते पहिल्यांदाच. मी म्हटलं, "थांबते."

सात महिने टेबलावर बसले. ज्या टेबलाला भ्यायले होते, त्याच टेबलावर. मग ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तर दोन्ही डॉक्टर पलंगापाशी उभे. चिकटलेलं सगळं सोडवलं होतं, आतडं जागच्या जागी, गर्भाची पिशवीही जागच्या जागी. पुन्हा उद्भवणार नाही असं कोणी म्हणालं नाही. आतड्याच्या गोळ्या तर चालूच राहतील. पण बाबा, मी जिंकले. छातीठोक सांगते, जिंकले.

परत ड्यूटीवर आले त्या पहिल्या दिवशी मारेगावच्या अलीकडं तो पेट्रोल पंप आला. सवयीनं ड्रायव्हरभाऊंनी गाडी हळू केली, आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी दोरी खेचली. टण टण. ते वळून म्हणाले, "काहून मॅडम, नाही थांबायचं?" मी म्हटलं, "डबल मारली ना भाऊ, चाला!" गाडीनं वेग घेतला आणि मी तिकिटं फाडायच्या ऐवजी मशीन छातीशी धरून हसत उभी राहिले. मागून एक बाई म्हणाली, "कंडक्टरीण येडी झाली वाटते." वणीपर्यंत मी तशीच येडी होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. बोरं तुम्हाला जीव की प्राण. कापसाच्या हंगामात तुमच्या शर्टाचा खिसा बोरांनी फुगलेला असायचा. मी बंडीपाशी खाली बसले त्या दिवसानंतर तुम्ही घरात बोर येऊ दिलं नाही, पोरीला मोह नको म्हणून स्वतःही सोडलीत, आणि शेवटच्या हिवाळ्यात आईनं 'बोरं आणू?' विचारलं तरी नको म्हणून मान हलवलीत. हा कागद कुठं टाकायचा मला माहीत नाही, बहुधा त्या चिरलेल्या रबरी पिशवीतच घालून ठेवीन. पण एवढं सांगते. त्या दिवशी मी एकही बोर खाल्लं नव्हतं, बाबा.