खालची बाग आणि अकरा दिवस

मी, वेन शु-छिंग, वय वर्षे ४८, धंदा सीताफळाची बाग, तसेच गावच्या बागायतदार संघाची चिटणीस, राहणार ताइतुंगच्या दक्षिणेस, समुद्राकाठी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. शंभरातले सत्त्याण्णव जण सुखरूप घरी जातात, असे डॉक्टर म्हणतात. मी उरलेल्या तिघांच्या सोयीसाठी लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्या बाबतीत माझे स्वतःचे मत त्यांच्याइतके ठाम नाही.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी सांगितलेच, तर तो माझा भाऊ असेल.

२. राहते घर, शेतकरी संघाच्या पतपेढीतली शिल्लक आणि वरची बाग माझी एकुलती एक मुलगी रू-आन हिला मिळावी. तिने काओश्युंगमधले शिक्षण सोडून बाग सांभाळायला येऊ नये. बाग विकली तर मला वाईट वाटेल, पण तेव्हा मला काही वाटण्याचा प्रश्नच नसेल, हे तिने लक्षात ठेवावे.

३. धाकटा भाऊ कुओ-लिआंग तैपेईच्या फळबाजारात दलाल आहे. आईचे चहाचे लाकडी तबक त्याने न विचारता नेले. ते आता त्याचेच समजावे. या विषयावर मी अकरा वर्षे बोलत आले, ते पुरे झाले.

४. समुद्रापलीकडे चीनमधल्या शियामेनचे व्यापारी श्री. लू नऊ वर्षे मला फोनवर 'ताई' म्हणत आणि माझी फळे घेत. चीनने आमच्या फळांवर बंदी घातल्यानंतर त्यांचा एकच निरोप आला, हात जोडलेल्या मांजराचे चित्र. त्यांना मी काही देत नाही, पण रागही ठेवत नाही. त्यांचे शीतगृह त्या हिवाळ्यात रिकामे होते आणि त्यांचीही माणसे कामावरून गेली, हे मला नंतर कळले. ओढ्यालगतच्या खालच्या बागेबद्दल पुढच्या कलमात लिहिले आहे.

५. खालची बाग, त्यातली एकशे चाळीस झाडे आणि तिचा निर्यात-क्रमांक शेजारी श्री. फान ता-मू, वय ७१, यांना मिळावा. कायद्याने मुलीला जेवढे द्यावेच लागते, ते दुसऱ्या कलमात भागते. तरीही ही बाग परक्या माणसाला का, असे रू-आन विचारील, म्हणून कारण लिहीत आहे.

आमच्या अननस-सीताफळ जातीचे फळ आपोआप धरत नाही. सप्टेंबरात फूल उमलले की परागकण बाटलीत गोळा करायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंचल्याने एकेका फुलाला लावायचे. फूल एक-दोन दिवसच थांबते. ज्याला कुंचला लागला नाही, ते गळून जाते. फान काकांइतका हलका हात गावात कोणाचा नाही. मला कुंचला धरायला त्यांनीच शिकवले.

चार वर्षांपूर्वी, मध्यशरदाच्या सणाच्या तोंडावर, एका रविवारी पलीकडून, म्हणजे चीनमधून, सूचना आली. तुमच्या फळांवर पिठ्या ढेकूण ही कीड सापडली, उद्यापासून माल बंद. दहा खोक्यांतली नऊ खोकी पलीकडेच जात. पिठ्या ढेकूण होता का? होता. तो दरवर्षीच असतो. त्या वर्षी तैपेई आणि बीजिंग यांच्यातले वातावरण बिघडले होते, म्हणून तो दिसला. दोन सरकारांच्या कुरबुरीत बागेत कोणते दिवस चालू आहेत, हे कोणी विचारत नाही.

फान काका दुपारी माझ्याकडे आले.

"चिटणीसबाई, तुम्ही शिकलेल्या. बोला, फुलं धरायची की नाही?"

"यंदा कुंचला ठेवून द्या, काका. मजुरी अंगावर पडेल. एवढी फळं खाणार कोण?"

"मी खाईन की. दात नाहीत, पण सीताफळाला कुठे लागतात?" असे म्हणून ते हसले आणि घरी गेले. तो सल्ला मी मनापासून दिला होता, हे मी कोणापुढेही सांगेन.

त्याच संध्याकाळी कुओ-लिआंगचा फोन आला. "ताई, कुंचला खाली ठेवू नकोस. इथे लोक बंदीवरून पेटलेत, आपलीच फळं घ्यायची म्हणतायत. कंपन्या आत्ताच खोक्यांची नोंद करतायत, वाहतुकीचा खर्च सरकार उचलणार आहे. यंदा इथेच भाव टिकतो बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी फुले धरायला सुरुवात केली. भावाचा निरोप काकांना सांगितला अकरा दिवसांनी, आणि तो कधी आला होता हे तेव्हाही सांगितले नाही. तोवर त्यांच्या झाडांवरचा बहर संपला होता.

का सांगितले नाही? पहिल्या दिवशी वाटले, भावाचे ऐकून त्यांना पुन्हा फिरवायचे, आणि तेही चुकले तर? हे खरे आहे. तिसऱ्या दिवशी वाटले, आता सांगितले तर 'काल का नाही सांगितलंस' म्हणतील. हेही खरे आहे. पण आसपास फळ कमी आले तर माझ्या फळाला भाव जास्त मिळेल, हे गणित वाणिज्य शाखेत शिकलेल्या बाईच्या डोक्यात आलेच नाही का? मी रोज डायरी लिहिते. त्या अकरा दिवसांची पाने मी अनेकदा वाचली. पाऊस, मजूर, फुलांची संख्या, सगळे आहे. काकांचे नाव एकाही पानावर नाही. माझ्याविरुद्ध याहून मोठा पुरावा मला सापडलेला नाही.

भावाचे म्हणणे खरे ठरले. हिवाळ्यात माझी खोकी तैपेईला चांगल्या भावाने गेली. काकांच्या झाडांवर नुसती पाने होती. दोन वर्षांनी पलीकडच्यांनी दार किंचित उघडले. यादीतल्याच बागांचा माल चालेल, आणि यादीत येण्यासाठी सलग हंगामांची नोंद हवी. माझी नोंद सलग होती. काकांची एका वर्षाची ओळ कोरी होती. क्रमांक मला मिळाला. गेली दोन वर्षे काका सप्टेंबरात माझ्याच झाडांवर रोजाने फुले धरतात. "तुझा अंदाज चुकला, पोरी, आणि माझं नशीब," एवढेच ते म्हणाले. अंदाजानंतर काय झाले, हे त्यांना ठाऊक नव्हते.

क्रमांक जमिनीला असतो, माणसाला नाही, असे कार्यालयाने मला लेखी कळवले आहे. उद्या एखाद्या नव्या सूचनेने तो रद्दही होईल. मी काकांना सोने देत नाही, भाव बदलणारी वस्तू देत आहे, याची मला जाणीव आहे.

६. येथवर मी सोमवारी लिहिले होते. काल साक्षीसाठी फान काकांना बोलावले होते. ते नवा शर्ट घालून आले आणि चहाच्या आधीच त्यांनी सहीचा शिक्का काढला.

"कुठे उठवू?"

"थांबा, काका. तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही." बोलावणे गेल्यावर सकाळी रू-आनने नियम वाचून दाखवला होता. "ज्याला काही मिळणार, त्याने सही करायची नसते."

"मला काय मिळणार? तुझी ती खडखडी स्कूटर? नको गं बाई, आत्ताच सांगून ठेवतो."

खोटे कारण सांगून त्यांना परत पाठवता आले असते. ते माझ्या मनात आले, हेही लिहून ठेवते. मग मी पाचवे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. वाचून झाल्यावर शिक्का त्यांनी परत पिशवीत घातला.

"म्हणजे त्या संध्याकाळी तुला माहीत होतं."

"हो."

"दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या बांधावरून गेलीस. मी विचारलं, कुंचला कशाला गं? तू म्हणालीस..."

"सवय म्हणून."

"सवय म्हणून!" ते खिडकीकडे बघत बसले. "मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, बिचारीला करमत नाही बघ, रिकामा कुंचला घेऊन फिरते."

मी माफी मागायला तोंड उघडले. त्यांनी हात वर केला.

"बाग घेईन मी. नको म्हणायला मी काही संत नाही. पण हे तू मेल्यावर मला कळणार होतं? मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं? उदबत्ती लावून?"

"मग आत्ता भांडा ना, काका."

"आत्ता तुझी झडप सैल आहे. मी ओरडायचो आणि तू इथेच आडवी व्हायचीस, मग लोक मला धरतील. आधी बरी होऊन ये, मग बघतो तुझ्याकडे. आणि पोरीला यात ओढायचं नाही. तिने माझं काही बिघडवलेलं नाही."

चहा अर्धा ठेवून ते गेले. चार वर्षांपूर्वीची डायरी मागून घेऊन गेले. त्यांनी मला माफ केलेले नाही. माझ्या अंत्यविधीत कोणी तसे गोड बोलू लागले, तर हे कलम वाचून दाखवावे.

७. बाकी डायऱ्या रू-आनच्या. तिने त्या वाचाव्यात किंवा वाचू नयेत, पण छापू नयेत. झाडांची कलमे बांधायच्या सुऱ्या, फवारणीचा पंप आणि सगळे कुंचले खालच्या बागेबरोबर काकांकडे जावेत. अंत्यविधीला, परलोकी राहायला म्हणून, कागदी बंगला जाळायचाच असेल, तर बिनजिन्याचा जाळावा.

८. शेवटचे. फान ता-मू आणि माझ्यात जे भांडण उभे आहे, त्यावर माझी मुलगी, माझा भाऊ किंवा त्यांचे वारस यांचा कोणताही हक्क वा जबाबदारी राहणार नाही. काका आपण होऊन ते विसरले तरी माझ्या बाजूने ते मिटले असे समजू नये. ते माझे स्वकष्टार्जित आहे, ते मी कोणालाही देत नाही. बरी झाले की ते ऐकून घ्यायला मी स्वतः त्यांच्या दारात जाणार आहे.

हे सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि पाचव्या कलमात एकही शब्द सौम्य केला नाही.

(सही व शिक्का) वेन शु-छिंग

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला यातून काही मिळणार नाही :
१. त्साइ पी-शिआ, परिचारिका, गावचा दवाखाना
२. काओ तेंग-फू, संघाच्या काट्यावरील तोलणारे
३. लो यी-मिन, पाद्री

स्थळ : राहते घर, ताइतुंग
दिनांक : २७ ऑगस्ट २०२५