तिच्या दारात, गोळ्या घेऊन

१२ डिसेंबर

चि. धाकटे,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. इकडे मी बरी आहे. पाय आहे तसाच, पण यंदा तापाने अंथरूण धरलं नाही, हेच खूप.

दवाखान्याने याही वर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायचं काम मला दिलंय. माणसाने समोर गिळल्याशिवाय पुढच्या दाराला जायचं नाही. काल एक आजोबा म्हणाले, "बाई, तुमचाच पाय बरा होईना, आम्हाला कसल्या गोळ्या देता?" म्हटलं, "मला वेळेवर मिळाल्या असत्या तर तुमच्या दारात कशाला तंगडतोड करत आले असते?" हसले आणि गिळल्या मुकाट्याने.

आपल्या पोरीचं लग्न छान झालं म्हणे. त्याआधी तुझे यजमान माझ्याकडे येऊन गेले होते. चहालाही थांबले नाहीत. "ताई, मुलाकडचे तुमचा पाय बघून म्हणतील, घराण्यातच आहे." मी म्हटलं, हा रोग डासांनी होतो, वारशाने नाही. "मला कळतं हो. त्यांना कोण सांगणार?" मग मी लग्नाला आले नाही. मनात काही ठेवलेलं नाही, असं लिहिणार होते. ठेवलंय.

पण आज लिहायचं कारण वेगळंच आहे. या खेपेला नदीपलीकडची वस्ती माझ्याकडे आली. एका घराची कडी वाजवली आणि दार उघडलं ते आपल्या पोरीने. तुझ्या आजारपणात माझ्या कुशीत वाढलेली पोर! काय गोड दिसत होती गं. मी हाक मारणार, तोच आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय?"

तिने माझ्या पायाकडे पाहिलं. म्हणाली, "गोळ्यावाल्या बाई आहेत."

मग मीही अहो-जाहो केलं. "तुम्हाला काही आजार आहे का? दिवस गेलेत का?" सगळ्या बायकांना विचारावंच लागतं. शेवटच्या प्रश्नाला तिने खाली बघत होकारार्थी मान हलवली. आपल्या घरात बाळ येणार, हे मला असं कळलं. तुला तरी तिने कळवलंय का?

दिवस असताना गोळ्या देत नाहीत. मी निघाले, ती आत वळली, आणि तिचा डावा घोटा दिसला. सुजलेला. उजवा नेहमीसारखा. धाकटे, दिवसांची सूज बहुधा दोन्ही पायांवर येते. माझं असंच एका घोट्यापासून सुरू झालं होतं.

तिथे काही बोलता आलं नाही. बोलले असते, तर तिची कोण लागते तेही सांगावं लागलं असतं.

तू लगेच जा. तिला दवाखान्यात ने. पाय रोज साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, झोपताना पायाखाली उशी घ्यायची. आत्ता धरलं तर तिचा पाय माझ्यासारखा होणार नाही. माझं नाव घेऊ नकोस.

आणि तिने स्वतःहून माझ्याबद्दल विचारलंच, तर सांग, मावशीला हल्ली नीट दिसत नाही. तिने तुला ओळखलंच नाही.

तुझी, आणि तिचीही,
थोरली