एका दोरावर दोघंच

४ मार्च
ताई शिखरावर पोचली! माझ्या कॉम्प्युटरवरच्या खेळात, माझ्या खुर्चीत बसून, उजवं मनगट प्लास्टरमध्ये असताना! नऊ वर्षांपूर्वी मला तिथे पोचायला पाच महिने लागले होते. हिला चार दिवस.

सगळी करामत त्या नव्या ‘टेकू’ची. एक बटण दाबून ठेवायचं, मग उडी चुकली तरी खेळच झेलतो. मग चढता कशाला? पाळण्यात बसा की!

७ मार्च
दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासल्या. एक उलटी बसवली, मालकाची बोलणी खाल्ली. लक्ष घरी होतं.

या खेळात एका दोराला दोघंच बांधलेले असतात. एक पडला की दुसराही जातो. माझ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला नऊ वर्षं घुबड आहे. कधी भेटलो नाही, खरं नावही विचारलं नाही. पण नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा सगळ्यात आधी सांगितलं ते हेडफोनमधल्या त्या आवाजाला.

घरी आले तर ताई हेडफोन लावून खिदळतेय. “अगं, तुझं घुबड काय गमतीचं आहे!” तुझं म्हणे! दुपारपासून दोघं चढत होते. मी गोड हसले आणि चहा फक्त माझ्यापुरता केला.

८ मार्च
हो, जळते मी. लिहून टाकलं एकदाचं.

११ मार्च
खेळाच्या कंपनीला तक्रार पाठवली. तीनदा खोडून लिहिली. “आम्ही जुने खेळाडू” असा सूर लावला — मी कुठली आम्ही, एकटीच! लिहिलं की पडायची भीतीच नसेल तर दोर कशाला? समोरच्याने टेकू घेतलाय हे जोडीदाराला दिसतही नाही, मग भरवसा कुणावर ठेवायचा? खरंच आहे ते. ताई नसती तरी मी हे लिहिलं असतं.

नसतं लिहिलं.

तेच खेळाडूंच्या चर्चेतही टाकलं. तासाभरात दोनशे जुनी मंडळी धावून आली. एकाने मात्र विचारलं, “तुम्हाला नको तर वापरू नका, दुसऱ्याने वापरलं तर तुमच्या पोटात का दुखतं?” त्याला चांगलाच झाडला. नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं मेल्याने!

१४ मार्च
घुबड म्हणाला, “तक्रार मागे घे ना. लागत असेल कुणाला तो टेकू.” कुणाला, ते न कळायला मी काय दूधखुळी आहे? म्हटलं, “ताईचा एवढा पुळका?” तो नुसतं “बरं” म्हणाला आणि गेला. एरवी मी उठेपर्यंत थांबतो.

२१ मार्च
ताईचं प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय, पण बोटं झकास चालतात. “आता टेकूबिकू नको मला,” म्हणाली. उद्या तिच्या घरी जाईल. तिची बॅग मीच भरली, फार उत्साहाने. लाज वाटली, पण भरली.

२ एप्रिल
जिंकलो! कंपनीचं उत्तर आलं — जुन्या खेळाडूंच्या भावनांचा मान राखून टेकू काढला आहे. घुबडाला लगेच तीन निरोप. ये लवकर! आता पूर्वीसारखं, आपण दोघंच.

८ एप्रिल
घुबडाचा पत्ता नाही. रुसलाय. ताईशिवाय करमत नसेल! तिला विचारावं का? नाही विचारणार.

९ एप्रिल
विचारलं. आधी टाळत होती, मग म्हणाली, “अगं, सहा महिने झाले, हात थरथरतात त्याचे. टेकू होता म्हणून चढत होता. तुला सांगू नको म्हणाला. कळलं तर ती दुसरा जोडीदार शोधेल, म्हणाला.”

ताईला सांगितलं त्याने. मला नाही.